कप हवा की क्लब? पोर्ट्समथच्या फॅन्सना पडलेला प्रश्न नेमका काय आहे?

१७ मे २००८. लंडनचं वेम्बली स्टेडियम. एफए कपची फायनल, पोर्ट्समथ विरुद्ध कार्डिफ सिटी. ३७ व्या मिनिटाला नायजेरियाच्या न्वान्क्वो कानूने गोल केला आणि तो एकच गोल शेवटपर्यंत पुरला. पोर्ट्समथने कप जिंकला. याआधी त्यांनी हा कप उचलला होता १९३९ मध्ये. म्हणजे आजोबांनी पाहिलेलं नातवाने पाहिलं, मधल्या पिढीच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं.

आता फक्त पाच वर्षं पुढे जाऊ. २०१३ चा मे महिना. तोच क्लब इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीत पोहोचलेला. मधल्या काळात दोनदा दिवाळखोरीच्या दारात जाऊन आलेला आणि कसाबसा जिवंत.

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की एक प्रश्न हमखास येतो. तुमच्या क्लबला आयुष्यात एकदा मोठा कप मिळेल, पण त्यानंतर सगळं कोसळेल. चालेल का? की कप नको, पण क्लब वर्षानुवर्षं नीट चालू दे?

ऐकायला हा टाइमपास प्रश्न वाटतो. पण पोर्ट्समथच्या लोकांनी तो खरोखर जगून पाहिलाय.

आधी एक गोष्ट समजून घेऊ: हे आयपीएलसारखं नसतं

आयपीएलमध्ये एखादी टीम शेवटच्या नंबरवर राहिली तरी पुढच्या वर्षी ती त्याच स्पर्धेत खेळते. इंग्लिश फुटबॉलमध्ये असं नाही. वरून खाली चार मुख्य श्रेणी आहेत: प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. तळाला राहणारे क्लब खालच्या श्रेणीत ढकलले जातात आणि खालून चांगले क्लब वर येतात. खाली घसरलं की टीव्हीचे पैसे आटतात, पण खेळाडूंशी केलेले मोठ्या पगाराचे करार तसेच राहतात.

त्यामुळे इथे प्रत्येक मालकासमोर एक मोह असतो. आत्ता उधार घेऊन चांगले खेळाडू आणले, तर वर राहू. वर राहिलो तर पैसा येईल. पैसा आला की उधारी फेडू. साखळीतली एक कडी जरी तुटली तरी सगळं अंगावर येतं. आपल्याकडे याला ऋण काढून सण करणं म्हणतात.

पोर्ट्समथमध्ये नेमकं काय झालं?

पोर्ट्समथ २००३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला. २००६ मध्ये अलेक्झांडर गायदामाक मालक झाले आणि पैसा वाहू लागला. डेव्हिड जेम्स, सोल कॅम्पबेल, सुली मुंतारी, लसाना दियारा, जर्मेन डिफो अशी नावं टीममध्ये आली. मॅनेजर होते हॅरी रेडनॅप. २००८ च्या क्वार्टर फायनलमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर हरवलं.

अडचण अशी होती की त्यांच्या फ्रॅटन पार्क या जुन्या मैदानात जेमतेम २० हजार लोक बसतात. एवढ्या मैदानाच्या उत्पन्नावर असे खेळाडू पोसणं शक्यच नव्हतं. फरक भरून निघत होता मालकाच्या खिशातून आणि कर्जातून. मालकाने हात आखडता घेतला की खेळ खलास, हे उघड होतं.

तसंच झालं. कप जिंकल्यानंतर काही महिन्यांतच रेडनॅप टॉटनमला गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये एसी मिलानसारखा क्लब फ्रॅटन पार्कवर खेळायला आला आणि पोर्ट्समथने त्यांना २-२ असं रोखलं. कळस तो होता. पुढच्या दोन महिन्यांत दियारा रियल माद्रिदला आणि डिफो टॉटनमला विकला गेला. २००९-१० च्या एकाच सीझनमध्ये मालकी हातोहात फिरत राहिली. खेळाडूंचे पगार थकले. २६ फेब्रुवारी २०१० ला क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. म्हणजे देणी फेडता येत नसल्यामुळे क्लबचा कारभार नेमलेल्या प्रशासकाच्या हातात गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला तो पहिला क्लब. शिक्षा म्हणून ९ गुण कापले गेले आणि क्लब खाली घसरला.

गंमत म्हणजे त्याच सीझनमध्ये ते पुन्हा एफए कपच्या फायनलला पोहोचले होते. तिथे चेल्सीने १-० ने हरवलं.

२०१२ मध्ये दुसऱ्यांदा ॲडमिनिस्ट्रेशन आणि आणखी १० गुण वजा. २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं घसरण झाली आणि क्लब चौथ्या श्रेणीत येऊन थांबला.

मग बिल कोणी भरलं?

२०१० मध्ये देणेकऱ्यांची यादी बाहेर आली. एकूण देणं १० कोटी पौंडांच्या वर होतं. यादीत इंग्लंडचं कर खातं होतं, दुसरे फुटबॉल क्लब होते, छोटे स्थानिक व्यावसायिक होते. मॅचच्या दिवशी मैदानावर प्रथमोपचाराची सोय करणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही त्यात होती.

इंग्लिश फुटबॉलमध्ये एक नियम आहे. क्लब बुडाला तरी खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे पैसे आधी आणि पूर्ण द्यायचे. उरलेल्यात बाकीचे. त्यामुळे लाखोंचा पगार घेणाऱ्या खेळाडूचे पैसे सुरक्षित राहतात आणि गावातल्या छोट्या पुरवठादाराच्या हातात पौंडामागे काही पेन्स पडतात.

कप सगळ्या शहराने साजरा केला, पण त्याची किंमत ज्यांनी चुकवली त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. यात फॅन्सही आले. क्लबचं बजेट ठरवताना त्यांचं मत कोणी घेतलं नव्हतं.

फॅन्स काय म्हणतात?

इथे दोन बाजू पडतात आणि दोन्हींत दम आहे.

पहिली बाजू कपवाल्यांची. त्यांचं म्हणणं असं की क्लब काही मुदत ठेव नाही. माणूस फुटबॉल बघतो तो ताळेबंदासाठी नाही. इंग्लंडमध्ये असे कितीतरी क्लब आहेत जे शंभर वर्षं शिस्तीत चालले आणि मोठ्या फायनलच्या जवळपासही फिरकले नाहीत. पोर्ट्समथच्या एखाद्या फॅनने वडिलांसोबत वेम्बलीवर घालवलेला दिवस कोणताही प्रशासक जप्त करू शकत नाही.

दुसरी बाजू क्लबवाल्यांची. त्या बाजूला बरी या क्लबचं उदाहरण पुरेसं आहे. मँचेस्टरजवळचा, १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब. २०१८-१९ मध्ये त्याने चौथ्या श्रेणीतून वरचा प्रवेश मिळवला. तेव्हाही खेळाडूंचे पगार थकलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक हमी देता न आल्यामुळे त्याला लीगमधून काढून टाकलं गेलं. मिळवलेल्या बढतीनंतरची एकही लीग मॅच खेळायला मिळाली नाही. क्लबच नसेल तर आठवणी पुढच्या पिढीला सांगायच्या कुठे बसून, असा या बाजूचा सवाल आहे.

प्रत्येक जुगार सारखाच असतो का?

नाही. आणि इथेच बहुतेक चर्चा घसरते.

विगन ॲथलेटिकचं बघा. ११ मे २०१३ ला त्यांनी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. बेन वॉटसनने अगदी शेवटच्या क्षणी हेडर मारला. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून ४-१ ने हरून ते प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. पण पुढच्या सीझनमध्ये क्लब नीट चालू होता. ते युरोपात खेळले, एफए कपच्या सेमीफायनललाही गेले. नंतर २०२० मध्ये मालकी बदलल्यावर विगनही ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, पण तो हिशोब २०१३ च्या कपचा नव्हता.

आता लीड्स युनायटेड बघा. २००१ मध्ये ते चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोहोचले. त्या काळात त्यांनी ६ कोटी पौंड उभे केले, तेही पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीवर. थोडक्यात, अजून न आलेल्या प्रेक्षकांचे पैसे आधीच खर्च झाले. दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळलो तरच हिशोब जुळणार होता. तसं झालं नाही. खेळाडू विकले, २००४ मध्ये क्लब खाली घसरला, त्याच वर्षी एलंड रोड हे मैदानही विकावं लागलं. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं.

फरक लक्षात आला का? विगन हरला तो मैदानावर. लीड्सने मैदानच पणाला लावलं होतं. पहिली हार पुढच्या सीझनमध्ये भरून काढता येते. दुसरी भरून निघायला १६ वर्षं लागली.

जर्मनीत असं होत नाही म्हणतात, खरं आहे का?

अर्धं खरं. जर्मनीत १९९८ पासून '५०+१' नावाचा नियम आहे. क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं क्लबच्या सदस्यांकडेच राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्गसारखे जुने अपवाद सोडले तर बाहेरचा अब्जाधीश येऊन क्लब ताब्यात घेऊ शकत नाही.

पण हा नियम असूनही २००५ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या अगदी काठावर होता. २००२ चं विजेतेपद मिळवताना त्यांनीही आवाक्याबाहेर खर्च केला होता. मालक फॅन्स असले म्हणून मोह सुटतो असं नाही. शिवाय टीकाकार दुसरा मुद्दाही काढतात. २०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षं तिथे बायर्न म्युनिकच चॅम्पियन होता. शिस्त सगळ्यांना सारखी असली की आधीपासून श्रीमंत असलेला क्लब पुढेच राहतो.

फॅन्सच्या हातात क्लब आला तेव्हा त्यांनी काय केलं?

पुन्हा पोर्ट्समथकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे आहे.

एप्रिल २०१३ मध्ये क्लब विकत घेतला तो फॅन्सच्या ट्रस्टने. एका शेअरची किंमत १००० पौंड, तेव्हाच्या दराने ८० हजार रुपयांच्या आसपास. दोन हजारांहून जास्त लोकांनी पैसे घातले. शहराच्या कौन्सिलने कर्ज दिलं. फ्रॅटन पार्कवर आधीच्या मालकाच्या कंपनीचा बोजा होता, तो कोर्टात तडजोड करून उतरवला. पुढच्या वर्षी क्लबने जुनी देणी फिटल्याचं जाहीर केलं. चौथ्या श्रेणीतल्या मॅचनाही सरासरी १५ हजारांच्या वर लोक येत होते.

२०१७ मध्ये सीझनच्या शेवटच्या दिवशी पोर्ट्समथने लीग टू जिंकली. त्याच उन्हाळ्यात डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आइस्नर यांनी क्लब विकत घ्यायची तयारी दाखवली. ५६ लाख पौंडांहून अधिक किंमत, शिवाय १ कोटी पौंडांची गुंतवणूक. आता मत द्यायचं होतं शेअरवाल्या फॅन्सना.

मालकांनी ज्यांना एकदा बुडवलं होतं, ते पुन्हा मालकाला हो म्हणतील? म्हणाले. मोठ्या बहुमताने.

बाहेरच्या अनेकांना हे विचित्र वाटलं. पण फॅन्सचा हिशोब सरळ होता. क्लब कर्जमुक्त आहे, मैदान क्लबचंच आहे, आणि शंभर वर्षं जुन्या मैदानाची दुरुस्ती करून वर चढायचं तर आपल्या खिशातले पैसे पुरणार नाहीत. धोका त्यांनीही घेतला, पण कागद तपासून आणि प्रश्न विचारून. वर यायला वेळ लागला. २०२४ मध्ये लीग वन जिंकून पोर्ट्समथ चॅम्पियनशिपमध्ये परतला.

हे फक्त इंग्लंडपुरतं आहे का?

पुण्यातल्या फुटबॉल फॅन्सना हे वेगळं सांगायला नको. एफसी पुणे सिटी २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळत होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर केरला ब्लास्टर्सला हरवून लीग जिंकली. दोनच वर्षांत पगार थकले, खेळाडू सोडून गेले. २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला हलला. एकाच जागेसाठी दोन शहरांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही शहरांचे हात रिकामे राहिले. मतदान तर दूरच, इथल्या फॅन्सना निर्णय कळला तोही बातमीतून.

मग उत्तर काय?

इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा आला. पहिल्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर आता स्वतंत्र नियामकाची नजर असेल. मालकाची आर्थिक तपासणी होईल, मैदान विकायचं तर परवानगी लागेल, क्लबचं चिन्ह किंवा जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर फॅन्सची संमती लागेल. कर्ज काढून मोठी स्वप्नं बघायला कायद्याने बंदी नाही. घर गहाण टाकणं मात्र अवघड केलंय.

म्हणून 'कप की क्लब' असं कोणी विचारलं, तर आधी तीन उलटे प्रश्न विचारा. डाव हरला तर जाणार काय: एक सीझन, की मैदान? पैसे कोणाचे बुडणार: मालकाचे, की प्रथमोपचार करणाऱ्या संस्थेचे? आणि हे ठरवताना फॅन्सना कोणी विचारलं का?

पोर्ट्समथच्या फॅन्सनी कपही पाहिला आणि रसातळही. २००८ चा जुगार त्यांच्या नावावर खेळला गेला, २०१७ चा त्यांनी स्वतः मत देऊन खेळला. दोन्ही वेळा धोका होता. दुसऱ्या वेळी फ्रॅटन पार्क पणाला लागलेलं नव्हतं.