बर्फ समजून सोडलेला ब्रेक

“मामा, ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं झालं. गाडी मात्र थांबेना.” चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरून भाच्याचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज अजून कापत होता. सरळ पट्टा संपताना त्याची स्पोर्ट्स कार वळण सोडून मातीत गेली होती. सुदैवाने त्याला खरचटलेही नाही. गॅरेजने तपासले: ब्रेक ऑइल ठीक, पॅड ठीक, गळती नाही. ‘चालकाची चूक’ असे सांगून गाडी परत दिली. मी काही इंजिनिअर नाही. पण ते उत्तर मला पटेना, म्हणून या विषयाच्या मागे लागलो.

चाक लॉक होऊन घसरू नये म्हणून एबीएस असते. डनलॉपची विमानांसाठीची मॅक्सरेट ही यांत्रिक पद्धत १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत आली. बॉशची इलेक्ट्रॉनिक पद्धत १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. तत्त्व साधे आहे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर वेग मोजतो. एखादे चाक फारच झपाट्याने मंदावले, की त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी केला जातो.

गोम इथेच आहे. या यंत्रणेला रस्ता दिसत नाही. तो कसा आहे याचा अंदाज ती मुख्यतः चाकांवरून बांधते. जुनी स्कूटर मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवा आणि ब्रेकला नुसता पाय टेकवा. चाक जागच्या जागी थांबेल, कारण त्यावर भारच नाही. बर्फावरही चाक असेच चटकन थांबते, कारण तिथे पकड नसते. ट्रॅकवर ऐन ब्रेकच्या वेळी पुढचे चाक उंचवट्यावरून उडून हलके झाले, तर तेही तसेच थांबते. यंत्रणा समजते, खाली बर्फ आहे, आणि दाब रोखून धरते. ट्रॅकवर गाड्या नेणारे याला ‘आइस मोड’ म्हणतात.

तो क्षण किती महाग असतो पाहा. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. कोरड्या डांबरावर चांगले टायर ही गाडी सुमारे १३० मीटरमध्ये उभी करतात. पकडीचा तिसरा हिस्साच वापरला गेला, तर तेच अंतर ३८० मीटर होते. घाबरलेला माणूस पेडल आणखी जोरात दाबतो. पण वाटेतला व्हॉल्व्ह बंद असल्याने तो जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. पेडल दगड होते ते यामुळे. उपाय उलटा आहे: पाय क्षणभर पूर्ण उचलायचा आणि पुन्हा दाबायचा. वळण अंगावर येत असताना पाय उचलणे किती अवघड, हे लिहिणाऱ्याने सांगू नये.

भाच्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. त्याने शर्यतीचे जास्त चावणारे पॅड बसवले होते, आणि तो ब्रेकवर लाथ मारल्यासारखा पाय टाकत असे. गाडीचा भार पुढच्या चाकांवर यायला थोडा अवधी लागतो. त्याआधीच पूर्ण दाब आला, तर उंचवट्याशिवायही चाक लॉक व्हायला निघते. पुढच्या-मागच्या टायरांच्या मापांचे प्रमाण बदलणे किंवा सैल बेअरिंगमुळे सेन्सरचे अंतर हलणे, हीही कारणे असू शकतात.

काही जण एबीएसचा फ्यूजच काढतात. मला हे मान्य नाही. आजच्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही बहुधा तीच यंत्रणा करते. ती गेली की मागची चाके आधी लॉक होऊन गाडी गरकन फिरू शकते. जीटी३ शर्यतींच्या गाड्यांत चालकाला एबीएसची पातळी बदलता येते. रस्त्यावरच्या गाडीत सहसा तशी सोय नसते, कारण ती पावसातल्या घाटासाठी जुळवलेली असते, आणि तिथे ती बरोबरच असते.

भाच्याने मूळचे पॅड परत बसवले. आता तो त्या उंचवट्याच्या अलीकडेच ब्रेक लावायला सुरुवात करतो, लिंबू पिळावे तसा हळूहळू दाब वाढवत. त्याची एक फेरी अर्ध्या सेकंदाने मंदावली आहे. त्याबद्दल तो अजून कुरकुरतो.