शिवार सौदा ते प्लॉट नोंदणी

महाराष्ट्रातला साखरेचा सहकार भागभांडवलावर उभा राहिला. द्राक्षाचा मात्र बराचसा चर्चेवर. राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० च्या सुमारास स्थापन झाला. तेव्हापासून अधिवेशनांत आणि छाटणीपूर्व चर्चासत्रांत बागायतदार एकमेकांना विचारत आले आहेत : जीएचा (जिबरेलिक ॲसिडचा) डोस किती, डाऊनी रोगावर काय मारलं, घड किती ठेवले? कृषी विद्यापीठांची मदत होतीच. पण तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांची ‘तास-ए-गणेश’ किंवा सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची ‘सोनाका’ या जाती शेतकऱ्यांच्याच बागांत हेरल्या गेल्या. पिकवण्याची विद्या अशी हातोहात पसरली. विकण्याची नाही. सगळा शिवार सौदा : माल तयार झाला की व्यापारी बागेत यायचा, भाव तोच सांगायचा आणि पैसे बुडवून पसार होणाऱ्याच्या कहाण्या दर हंगामात नव्याने ऐकू यायच्या.

१९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून निर्यातीसाठी ‘महाग्रेप्स’ उभी केली. युरोपात माल न्यायचा म्हणजे नुसता गोडवा पुरत नाही. तोडणी होताच प्रीकूलिंग, म्हणजे माल थंड करणं, हवं, मण्याचा आकार ठरलेला, देठ हिरवा हवा. सुरुवातीला माल नाकारला गेला, तोटा झाला, आणि त्यातूनच शीतसाखळीचं गणित सभासदांना कळलं.

खरी कसोटी रसायनांची होती. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. मग अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने उर्वरित अंश तपासणीची पद्धत बसवली आणि पुढे ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीवर निर्यातीच्या बागांच्या नोंदी होऊ लागल्या. प्रत्येक प्लॉटला क्रमांक, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा अहवाल. वहीला अनेकांनी नाकं मुरडली. एकरभर बागेला कसली कारकुनी, असा सूर होता. पण या वहीमुळेच लहान बागायतदाराचा माल पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या ओळखीने बंदरापर्यंत गेला, हे मला या साऱ्या प्रवासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं.

तरीही २०१० चा फटका बसलाच. वेलीची वाढ रोखायला वापरलं जाणारं सीसीसी त्या वेळच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपने मात्र नेमकं तेच शोधलं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, कर्जं अंगावर आली. माहिती अर्धवट असली की एकीही उपयोगी पडत नाही, हे तेव्हा कळलं.

त्याच सुमारास विलास शिंदे यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीत ‘सह्याद्री फार्म्स’ आकाराला आली. रूप शेतकरी उत्पादक कंपनीचं. कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीने ती वाट खुली केली होती. मालकी शेतकऱ्यांची, कारभार व्यावसायिक. कोणत्या बागेतून कधी किती माल निघेल याचं नियोजन आधीच करायचं, ही तिथली शिस्त. २०२२ मध्ये या समूहात परदेशी संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले.

एवढं होऊनही राज्यातली बहुतेक द्राक्षं देशातच खपतात आणि त्यांतली पुष्कळशी आजही शिवार सौद्यानेच जातात. तिथे ना प्लॉट क्रमांक, ना अहवाल, ना पैशाची हमी. निर्यातीसाठी जी शिस्त आपण परक्या ग्राहकाच्या धाकाने लावून घेतली, ती घरच्या बाजारात आणण्याचं काम आता बागायतदार संघाने आणि बाजार समित्यांनी हाती घ्यावं. सुरुवात व्यापाऱ्यांच्या सक्तीच्या नोंदणीपासून आणि त्यांच्याकडून घेतलेल्या अनामतीपासून करावी.