पडेल ती जागा

माझी आजी दुपारी गोधडी शिवायला बसायची आणि शिवता शिवता मला बोलायची. मी शाळेत कधी खो-खोत, कधी नाटकात, कधी चित्रकलेच्या वर्गात. आठवड्याला नवं खूळ. आजीचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ पुढे पुण्यात जपानी शिकले, दुभाषी झाले, तेव्हा तिकडेही तीच म्हण भेटली. ‘कियो बिंबो’. ज्याच्या हाताला सगळं येतं तो गरीबच राहतो, असा तिचा अर्थ. दोन इतके दूरचे समाज, पण सगळं थोडंथोडं येणाऱ्या माणसाबद्दल दोघांचं मत एकच.

ते मत माझ्यापुरतं एका माणसाने बदललं. त्याचं नाव ताकुया किमुरा. व्यावसायिक बेसबॉल खेळाडू. तो काही दंतकथा झालेला फलंदाज नव्हता. इचिरो किंवा ओहतानीचं नाव आपल्याकडेही ऐकलेलं असतं, किमुराचं नसतं. जपानमध्येसुद्धा त्याच्या नावाचा एक गायक-अभिनेता त्याच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे. दोघांचा जन्म १९७२ चा, नावाचा उच्चार एकच. त्यामुळे त्या स्टारचं ‘किमुताकु’ हे लाडकं नाव प्रेक्षकांनी या खेळाडूलाही बहाल केलं होतं.

२००९ साली कंपनीच्या कामासाठी मी टोकियोत राहत होते. घराजवळ एक छोटी खाणावळ होती, काउंटरसमोर आठ खुर्च्या, भात, मिसो सूप आणि भाजलेला मासा. मालकांना सगळे ‘ताइशो’ म्हणायचे, मीही म्हणायचे. कोपऱ्यातल्या टीव्हीवर रोज रात्री बेसबॉल. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. ताइशोंनी भांडी घासता घासता मला तो खेळ शिकवला.

त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते जागांबद्दल. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडला तर क्षेत्ररक्षक कुठेही उभा करता येतो; आज पॉइंटला असलेला उद्या मिडऑनला. बेसबॉलमध्ये नऊ जागा ठरलेल्या आणि प्रत्येक जागेला स्कोअरबुकात आकडा. पिचर १, कॅचर २, मग बेसवरचे, शॉर्टस्टॉप, बाहेरच्या मैदानातले तिघे. प्रत्येक जागेचं काम वेगळं आणि हातमोजाही वेगळा. दुसऱ्या बेसवरच्याचा लहान, कारण चेंडू पकडून क्षणात उजव्या हातात घ्यायचा असतो. बाहेरच्यांचा लांब, धावत जाऊन झेल घेण्यासाठी. कॅचरचा तर जाड उशीसारखा, कारण पिचरने ताशी १४० किलोमीटरच्या वर वेगाने फेकलेले चेंडू तो रात्रभर झेलत असतो. म्हणून खेळाडू साधारणपणे एक जागा धरतो आणि तिथेच आयुष्य काढतो.

किमुराने पिचर सोडून सगळ्या जागा खेळल्या.

हे त्याने हौसेने केलं नव्हतं. क्युशू बेटावरच्या मियाझाकीत त्याचा जन्म. जपानमध्ये दर वर्षी ड्राफ्ट होतो. क्लब शाळा-कॉलेजांतले गुणी खेळाडू नावं पुकारून निवडतात. किमुराचं नाव कोणी पुकारलं नाही. ड्राफ्टबाहेरच्या मुलांनाही क्लब करारावर घेऊ शकत असत. ती वाट १९९० नंतर बंद झाली. म्हणजे दार मिटता मिटता किमुरा आत शिरला. निप्पॉन-हॅम फायटर्सने त्याला कॅचर म्हणून घेतलं. पण कॅचरची जागा संघात एकच असते आणि तिथला मुख्य माणूस सहसा हलत नाही. मग किमुरा बाहेरच्या मैदानात गेला. १९९४ च्या हंगामानंतर त्याला हिरोशिमा कार्पला देऊन टाकण्यात आलं.

हिरोशिमात त्याने स्वतःला पुन्हा घडवलं. दुसरा बेस, शॉर्टस्टॉप, तिसरा बेस, जिथे माणूस कमी पडेल तिथे तो. बॅटिंगही दोन्ही बाजूंनी करायला शिकला. आपल्याकडे डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताने जेवायला लावलं तर कसं होतं ते आठवा, आणि तसं एका हाताने नाही, सगळ्या अंगाने शिकायचं, समोरून वेगवान चेंडू येत असताना. तो शिकला आणि संघात नियमित खेळू लागला.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला जपानने प्रत्येक क्लबमधून दोनच खेळाडू घ्यायचे ठरवलं. हिरोशिमाकडून एक गेला हिरोकी कुरोदा, तेव्हाचा त्यांचा हुकमी पिचर. दुसरा किमुरा. ऑलिंपिकचा संघ २४ जणांचा. अशा वेळी पाच-सहा जागा सांभाळणारा एक माणूस बरोबर असला की बाकीचा संघ मोकळेपणाने निवडता येतो. जपानने कॅनडाला ११-२ असं हरवून कांस्यपदक मिळवलं.

२००६ च्या हंगामाच्या मध्यावर तो योमिउरी जायंट्सकडे गेला. जपानमधला हा सगळ्यात जुना व्यावसायिक क्लब, पैसा आणि नावाजलेले खेळाडू तिथे ओसंडून वाहतात. चौतिशीतल्या, दुसऱ्या क्लबने सोडलेल्या माणसाला तिथे काय जागा असणार? पण मोठमोठे खेळाडू आपापली जागा धरून असतात, म्हणूनच त्यांच्यामधल्या भेगा बुजवणारा कोणीतरी लागतो. २००७, २००८, २००९ अशी सलग तीन वर्षं जायंट्सने सेंट्रल लीग जिंकली आणि त्या तिन्ही संघांत किमुरा होता.

४ सप्टेंबर २००९. टोकियो डोममध्ये जायंट्स आणि याकुल्ट स्वॅलोज, ३-३ अशी बरोबरी, सामना जादा डावांत. इथे बेसबॉलचा एक कडक नियम सांगायला हवा. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. जायंट्सने तोवर आपले दोन कॅचर खर्चून टाकले होते. उरला होता तिसरा, केन कातो. अकराव्या डावात तो बॅटिंग करत असताना चेंडू थेट डोक्याला लागला. त्याला बाहेर न्यावं लागलं. आता बाराव्या डावात कॅचर कोण?

ताइशोंनी नळ बंद केला, हात पुसले आणि काउंटरच्या या बाजूला येऊन उभे राहिले. “कोणीच नाही,” ते म्हणाले. “एकही उरला नाही.” मग मैदानात कॅचरच्या पॅडमध्ये कोणीतरी आलं आणि ते जवळजवळ ओरडलेच, “किमुताकु!”

कोणी सांगण्याची वाट न बघता किमुराने स्वतःच ओळखलं होतं की आता आपणच. त्याने सरावासाठी चेंडू झेलायला सुरुवातही केली होती. याआधी तो अधिकृत सामन्यात कॅचर होता १९९९ मध्ये, हिरोशिमासाठी. दहा वर्षं झाली होती.

कॅचरचं काम झेलण्यापुरतं असतं तर एवढं घाबरण्यासारखं नव्हतं. पुढचा चेंडू कोणता, कुठे, हे तोच बोटांच्या खुणेने पिचरला सांगतो. खूण एक आणि चेंडू दुसरा असं झालं तर चेंडू हातातून सुटून मागे जातो, आणि एखादा माणूस बेसवर असेल तर तो धावत सुटतो. त्यात फोर्क बॉल नावाचा चेंडू फलंदाजापाशी येऊन एकदम खाली पडतो, कधी जमिनीवर आपटतो; तो गुडघे टेकून अंगावर घ्यावा लागतो. किमुरासमोर त्या एका डावात तीन पिचर आले. फोर्कसाठी प्रसिद्ध कियोशी तोयोदा, डावखुरा सोइची फुजिता, मग ताकाहिको नोमागुची. तिघांचे चेंडू वेगळे, तिघांच्या सवयी वेगळ्या. तिघांनाही त्याने सांभाळलं. याकुल्टला एकही धाव मिळाली नाही.

तिसरा फलंदाज बाद झाला तेव्हा व्यवस्थापक तात्सुनोरी हारा लहान मुलासारखे हसत त्याला घ्यायला पुढे आले. जपानमध्ये साखळी सामना बारा डावांनंतर बरोबरीत सोडतात. जायंट्सनाही शेवटच्या डावात धाव काढता आली नाही. ३-३. तक्त्यावर पाहिलं तर कोणीच न जिंकलेला एक सामना. पण ताइशो त्या रात्री मला म्हणाले, “पंधरा मिनिटं त्याने जे केलं, त्याची तयारी कधी केली असेल ते मोजा.” मी त्यावर खूप विचार केला. दहा वर्षं ज्या कामाला कोणी बोलावलं नाही, ते काम हातात जिवंत ठेवायचं, याला चिंध्या म्हणायचं का?

त्या हंगामात जायंट्सने शेवटची लढत, जपान सिरीजही जिंकली, आणि समोर होता निप्पॉन-हॅम, किमुराचा पहिला क्लब. तिथेच त्याने खेळ थांबवला. १५२३ सामने, १०४९ हिट्स. ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या मुलाच्या खात्यावर.

तो जायंट्सचा प्रशिक्षक झाला, इनफिल्डमधलं क्षेत्ररक्षण आणि बेसवरची धाव शिकवणारा. २ मार्च २०१० रोजी त्या वर्षी नव्याने व्यावसायिक झालेल्या खेळाडूंसमोर त्याचं भाषण झालं. त्यात त्याने काही लपवलं नाही. असा खेळाडू व्हायचं म्हणून मी इथवर आलेलो नाही, टिकून राहायला दुसरा मार्ग मला सुचला नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. स्वतःसाठी त्याने शब्द वापरला ‘नानदेमोया’, म्हणजे वाट्टेल ते करून देणारा. गल्लीच्या टोकाला असतो ना, नळही दुरुस्त करतो, पंखाही बसवतो, तसा. आणि त्या वाटेनेही या जगात टिकता येतं, हे त्याने त्या पोरांना सांगितलं. त्यांतल्या बहुतेकांना स्टार व्हायचं होतं, आणि बहुतेक जण होणार नव्हते. त्यांना याहून उपयोगी गोष्ट कोणी सांगितली असेल असं मला वाटत नाही.

बरोबर एक महिन्याने, २ एप्रिलला, जायंट्सचा सामना हिरोशिमात होता. सामन्याआधी किमुरा होम प्लेटजवळ उभा राहून आपल्या खेळाडूंना सरावासाठी चेंडू मारून देत होता. ज्याने स्वतः जवळजवळ सगळ्या जागांवरून असे चेंडू अडवले, तो आता एकेका जागेला चेंडू पुरवत होता. ते करता करताच तो कोसळला. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता. ७ एप्रिलला तो गेला. वय ३७, अडतिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

२४ एप्रिलला टोकियो डोममध्ये त्याच्या स्मरणार्थ सामना झाला, जायंट्स विरुद्ध हिरोशिमा. दोन्ही बाजूंना त्याचीच माणसं. पहिला चेंडू टाकला त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने. आठव्या डावात जायंट्स मागे असताना बदली फलंदाज म्हणून आला योशितोमो तानी, किमुराचा समवयस्क, अथेन्सच्या संघातला सोबती. तिन्ही बेस भरलेले. त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा, आणि सामना फिरला. नंतर मैदानात मुलाखत देताना तानीला बोलता येईना. खाणावळीत टीव्ही चालू होता. आठही खुर्च्यांवर माणसं होती आणि कोणीही जेवत नव्हतं.

भारतात परतल्यावर मी आजीची गोधडी बाहेर काढली. जुनी नऊवारी, आजोबांचं धोतर, माझ्या फ्रॉकचा तुकडा, एकही कापड धड नाही. पन्नास वर्षं घरातलं प्रत्येक मूल त्याच गोधडीत झोपलं. ती म्हण म्हणत असताना आजीच्या हातात सुई होती, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.