भिंतीतील ओल

कर्जतहून खोपोलीस जाणाऱ्या लोहमार्गावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी पळसदरी हे गाव आहे. घाटाला अडलेले ढग येथे चार महिने बरसतात. अशा गावातील जुन्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षे घडते. गणपती जवळ आले, की माजघरातील भिंतीवरचा काळपट डाग सर्वांना खुपू लागतो. रंगारी येतो आणि डागावर तैलरंगाचे दोन हात देतो. आरास शोभून दिसते. पण दिवाळीपर्यंत त्या रंगाला फोड येतात व गिलाव्याची भुकटी गळू लागते. यात दोष रंगाऱ्याचा नव्हे. डाग जेथे दिसतो तेथेच पाणी शिरते असे नाही, आणि भर पावसाळ्यात तर भिंत आतून भिजलेलीच असते.

डाग आढ्याजवळ असेल, तर फुटलेले कौल शोधावे. तो जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंतच असेल, तर ओल जोत्यातून वर चढली असावी. पाणी वर कसे चढेल, असे तुम्हांला वाटेल. समईची वात पाहा. तेल खाली असते, ज्योत वर. तरी वातीच्या धाग्यांमधील सूक्ष्म फटींतून तेल वर जाते. यालाच केशाकर्षण म्हणतात. विटांत व चुन्यातही अशीच बारीक छिद्रे असतात. पाण्याबरोबर जमिनीतील क्षारही वर येतात. पाण्याची वाफ होऊन जाते. क्षार मात्र मिठागरातील मिठाप्रमाणे मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. क्षारांचे स्फटिक वाढू लागले, की त्यांच्या रेट्याने रंगाचे पोपडे सुटतात.

चुन्याच्या भिंतीतील ओल हळूहळू हवेत निघून जाते. तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा ही वाट अडवतो. मग कोंडलेले पाणी आणखी वर सरकते आणि डाग नाहीसा होण्याऐवजी खिडकीपर्यंत पोहोचतो! खर्च वाया जातो तो जातोच. शिवाय बुरशी वाढून दमेकऱ्यांना त्रास होतो. ओल्या भिंतीवरील विजेच्या बटणाला तर हातही लावू नये.

यासाठी उपाय बाहेरून आरंभावा. पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे. जोत्याला लागून साचलेली माती उपसावी आणि पागोळ्यांचे पाणी चर खणून दूर काढून द्यावे. नंतर, पाऊस सरल्यावर, भुसभुशीत झालेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवावी. जाड भिंत वाळण्यास इंचाला एक महिना, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्षही लागेल. ती वाळली, की चुन्याचाच गिलावा करून वर सफेदी द्यावी. तोवर गणपतीच्या मखरामागे एखादे लुगडे सैलसर टांगले तरी चालेल. भिंतीला कपाट मात्र टेकवू नये.