मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं!

दाढ ठणकते म्हणून अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेतली. पंधरा-वीस मिनिटांत तळहात खाजू लागले, कान गरम झाले आणि बघता बघता पोटावर, मांड्यांवर लालसर गांधी उठल्या. दवाखान्यात पोचल्यावर घरची माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : "पण डॉक्टर, गेल्या वर्षी हीच गोळी घेतली होती. तेव्हा तर काही झालं नव्हतं!"

ते खरंच सांगत असतात. ॲलर्जीचं सगळं गणित त्या गेल्या वर्षीच्या गोळीतच दडलेलं असतं.

पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाचा रेणू फार लहान असतो, इतका की एरवी शरीराची संरक्षणव्यवस्था त्याची दखलही घेत नाही. पण त्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. ते उघडतं आणि रक्तातल्या एखाद्या प्रथिनाला चिकटून बसतं. आता ते प्रथिन शरीराला आपलं वाटत नाही. काहीजणांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर दाढ बरी झालेली असते, गोळ्या संपलेल्या असतात. बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र ही प्रतिपिंडं त्वचेतल्या, नाकातल्या, श्वासनलिकेतल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसलेली असतात.

पुढच्या खेपेला औषध आलं की ते शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम जोडतं. तेवढ्यानं मास्ट पेशीतले कण फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात, त्या गांधी. मज्जातंतू चाळवतात, ती खाज. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, छातीत घरघर होते. आतडी आवळली की पोटात कळा, उलटी. आणि सगळ्या अंगातल्या वाहिन्या एकदम सैल पडल्या तर रक्तदाब कोसळतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. कोळंबी, शेंगदाणे, मधमाशीचा डंख यांनी होणारी ॲलर्जीही याच वाटेनं जाते.

ॲनाफिलॅक्सिस हा शब्द १९०२ सालचा. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ एका समुद्री प्राण्याचं विष कुत्र्यांना टोचून पाहत होते. पहिल्या मात्रेनं कुत्र्यांना संरक्षण मिळेल असा त्यांचा कयास होता. झालं उलटंच : सावरलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा थोडंसं विष टोचलं, तर तो अर्ध्या तासाच्या आत दगावला. रिशे यांना १९१३ साली नोबेल मिळालं.

सगळ्याच प्रतिक्रिया अशा झटपट येत नाहीत. गोळ्या सुरू करून आठ-दहा दिवस झाल्यावर अंगभर गोवरासारखं पुरळ येतं, तेव्हा काम प्रतिपिंडांचं नसून संरक्षणव्यवस्थेतल्या टी पेशींचं असतं. दर वेळी ओठाच्या कडेला त्याच जागी काळपट डाग पडतो, तोही याच घरातला. माणसं त्याला 'ताप उतला' म्हणून सोडून देतात आणि पुन्हा तीच गोळी घेतात. पण ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि सोलवटणारी कातडी असं एकत्र दिसलं, तर त्याच घडीला औषध थांबवून मोठं रुग्णालय गाठायचं. फिटसाठीचं कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या यांनी हे होऊ शकतं, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत.

"मला औषध गरम पडतं" ही तक्रार मात्र बहुतेक वेळा ॲलर्जीची नसते. अँटिबायोटिकनं जुलाब होणं, पित्तानं जळजळणं हे दुष्परिणाम आहेत. वेदनाशामकांचं प्रकरण आणखी वेगळं : ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक शरीरातला एकच रासायनिक मार्ग अडवतात, म्हणून एकीनं दम लागणाऱ्याला दुसरीनंही लागू शकतो. तिथे नुसती गोळी बदलून भागत नाही.

गांधी उठल्या की घरोघरी सेट्रिझिन शोधतात. खाजेला ती ठीक आहे. पण आवाज घोगरा झाला, दम लागला, चक्कर आली, तर सेट्रिझिनच्या भरवशावर एक मिनिटही घालवू नका. तिथे ॲड्रिनॅलिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. १०८ला फोन करा. माणसाला आडवं करा, पाय उंचावर ठेवा; दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयातच थांबायचं, कारण लक्षणं परतून येऊ शकतात.

इंजेक्शनआधी नर्स हातावर टाचणीच्या डोक्याएवढा फुगा उठवते आणि भोवती बॉलपेननं गोल काढते. ही 'टेस्ट डोस' फक्त झटपट येणाऱ्या प्रतिक्रियेबद्दल सांगते, तीही पक्कं नाही. तिच्याआधी विचारलेला प्रश्न जास्त मोलाचा असतो : पूर्वी काय झालं होतं? उत्तर बहुधा येतं, "एक लाल गोळी होती." मला याचं फार वाईट वाटतं. उलट, लहानपणी आलेल्या पुरळामुळे जन्मभर 'पेनिसिलिन नको' असा शिक्का बसलेलेही पुष्कळ असतात. तपासणी केली तर दहांपैकी नऊजणांना ॲलर्जी नसतेच, किंवा काही वर्षांनी ओसरलेली असते. ती तपासणी तज्ज्ञाकडेच करायची, घरी गोळी खाऊन नाही.

म्हणून स्ट्रिप फेकू नका. ठळक अक्षरातलं ब्रँडचं नाव बाजूला ठेवून खालच्या बारीक अक्षरातलं औषधाचं नाव उतरवून घ्या, कारण तेच अमॉक्सिसिलिन कितीतरी नावांनी विकलं जातं. फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी पुरतात : अमॉक्सिसिलिन ५००. पहिल्या कॅप्सूलनंतर वीस मिनिटांत अंगभर गांधी, श्वास ठीक. आदल्या वर्षी घेतली होती, तेव्हा त्रास नाही. तारीख.