बॅटरी नाही, आधी ब्रेक बघा!

सकाळचे पावणेदहा. कॉलेज रोड. लेक्चर दहाचं. आणि माझी ई-किकस्कूटर, म्हणजे ती उभं राहून चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर, रस्त्याच्या कडेला रुसून बसलेली. डिस्प्ले चालू, बॅटरीच्या चार कांड्या दिसतायत, पण थ्रॉटल दाबलं की ढिम्म! शेवटी ते धूड फोल्ड करून खांद्यावर टाकलं आणि कॉलेज गाठलं. वर्गात एन्ट्री झाली ती अख्ख्या बॅचच्या हशासकट.

ही स्कूटर मामेभावाने पुण्याला नोकरी लागल्यावर मला अर्ध्या किमतीत दिलेली. संध्याकाळी एका दुकानात नेली. दोन मिनिटांत निकाल, "बॅटरी गेली. नवीन टाकावी लागेल." सांगितलेला आकडा माझ्या तीन महिन्यांच्या स्टायपेंडएवढा. गुपचूप परत निघालो, तर गल्लीतले सायकलवाले काका म्हणाले, "थांब रे, बघू तरी." त्यांनी ब्रेकची लिव्हर बोटाने बाहेरच्या बाजूला ओढली. मी एक पाय मारला, थ्रॉटल दाबलं आणि गाडी सुटली!

झालं होतं काय, तर लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरचा करंट तोडतो. आदल्या रात्रीच्या पावसाने चिखल अडकला, लिव्हर पूर्ण परत आली नाही आणि कंट्रोलरला वाटत राहिलं की ब्रेक दाबलेलाच आहे. दुरुस्तीचा खर्च : एक जुना टूथब्रश आणि काकांचा चहा.

तेव्हापासून गाडी अडली की मी आधी स्वस्तातल्या गोष्टी बघतो. बऱ्याच मॉडेल्समध्ये पायाने थोडा वेग दिल्याशिवाय मोटर उचलतच नाही, हे नव्या माणसाला माहीतच नसतं. चार्जर लावूनही त्याचा दिवा हिरवाच राहतोय आणि कांड्या वाढत नाहीत? मग चार्जर किंवा चार्जिंगची पिन तपासा. गाडी जड चालतेय? चाक उचलून हाताने फिरवा. घासल्याचा आवाज आला तर ब्रेक चिकटतोय, आणि त्याच्याशी झुंजण्यात बॅटरी फुकट जातेय.

पण सगळ्यात मोठा चोर म्हणजे कमी हवा. हवेचे टायर असतील तर दर आठवड्याला प्रेशर बघाच. कुंभमेळ्याच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर मऊ टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की ट्यूब रिममध्ये चेपते आणि पंक्चर ठरलेलं. या छोट्या चाकाचा टायर काढताना काकांच्याही तोंडून चार शब्द निघतात. कोणते ते इथे छापता येणार नाहीत.

मग बॅटरी खरंच गेलीय हे ओळखायचं कसं? सपाट रस्त्यावर गाडी छान चालते, पण गोदाघाटावरून जुन्या नाशिकच्या चढाला लागली की कांड्या धडाधड खाली येतात, गाडी बंद पडते आणि जरा थांबलं की पुन्हा सुरू होते. असं वारंवार होत असेल तर संशय घ्या. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे १० गट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एक गट थकला तरी अख्खा पॅक मान टाकतो. मात्र डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की रेंज कमी होतेच. तो थंडीचा परिणाम, ऊन वाढलं की जातो. तेवढ्यावरून नवीन बॅटरीची ऑर्डर देऊ नका.

बॅटरी टिकवायची तर गाडी तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. सुट्टीत गावी जाताना साधारण निम्मं चार्ज ठेवा. शून्यावर महिनाभर पडली की सेल कायमचे खराब होऊ शकतात. पिन बसते म्हणून मित्राचा दुसऱ्या व्होल्टेजचा चार्जर तर अजिबात नको. आणि रात्रभर पलंगाखाली चार्जिंग? ९ एप्रिल २०२२ ला आपल्याच नाशिकमध्ये कंटेनरमधल्या २० इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. त्या बसून चालवायच्या होत्या, पण बॅटरीला गृहीत धरू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आता 'स्पीड अनलॉक'वाल्यांसाठी. करंट दुप्पट झाला की वायरिंगमधली उष्णता चौपट होते. म्हणजे दोन मिनिटांच्या रीलसाठी मोटर आणि कंट्रोलर भाजून निघतात. शिवाय लायसन्स-रजिस्ट्रेशनची सूट २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग असलेल्या गाड्यांनाच. त्यापुढे गेलात की गाडी कायद्याने मोटार वाहन. कॉलेज रोडवरच्या सिग्नलला हे समजावत बसायला किती वेळ लागतो, विचारा आमच्या एका सीनियरला.

राहिलं फोल्डिंगचं लॅच. निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवून बघा. खडखड जाणवली तर ॲलन कीने बोल्ट आवळा. लॅचच घट्ट बसत नसेल, तर त्या दिवशी सरळ सिटीलिंक पकडा.