३५ दिवसांनंतरचं कॉलेज

पुण्याच्या मुक्तांगण केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार साधारण ३५ दिवसांचे. विद्यापीठाच्या सत्रात शिकवण्याचे दिवस ९० आणि हजेरी हवी ७५ टक्के, म्हणजे खाड्यांची मुभा जेमतेम २२ दिवस. रविवार वगळले तरी उपचारांत ३० दिवस जातात. दारू किंवा एमडी (मेफेड्रोन) सोडायला गेलेला मुलगा परततो, तेव्हा त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलेलं असतं.

वैद्यकीय दाखल्यावर सूट मिळू शकते. पण दाखल्याच्या माथ्यावर केंद्राचं नाव छापलेलं असतं. तो कार्यालयाच्या खिडकीतून आत सरकवायचा आणि मागे रांगेत वर्गातलीच पोरं उभी! मग घरचेच सुचवतात, 'कावीळ झाली होती म्हण.' इतकं बळ एकवटून जे केलं, त्याची सुरुवातच खोटं बोलून होते.

केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आणि शहरातल्या कॉलेजांत पंढरपूर, सांगोला, करमाळ्याहून मुलं येतात, हॉस्टेलवर नाहीतर खोली करून राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोनचा कारखानाच सापडला. तेव्हा हे मुंबई-पुण्याचं दुखणं, असं सोलापूरने म्हणू नये.

केंद्रात शरीरातलं विष उतरतं, पण तलफ जुन्या जागांना आणि जुन्या वेळांना चिकटून बसलेली असते. तोच रूममेट, तोच कट्टा, पेपर संपल्याची तीच पार्टी. म्हणूनच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणात घरी गेल्यानंतरच्या फॉलोअपला एवढं महत्त्व आहे. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाने १९८८ मध्ये व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं वसतिगृहच काढलं. सोबत राहणारं कुणी पीत नाही, एवढ्यानेही संध्याकाळ सुसह्य होते.

आपल्याला इमारत नको. दाखला बंद पाकिटात घेणारा एक विश्वासू प्राध्यापक हवा, बुडालेली प्रॅक्टिकल्स भरून काढायची सोय हवी आणि अशा मुलांना आठवड्यातून एकदा एकत्र बसायला एक खोली. सोलापूरला हे परकं नाही. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं, तेव्हा हातभट्ट्या फोडून ते थांबले नाहीत. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर पुन्हा पुन्हा जात राहिले, लोकांना दुसरा रोजगार मिळावा म्हणून झटले. सोडल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांनी आपला मानला. कॉलेजांनीही तो मानावा, असं मला कळकळीने वाटतं.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट: एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ, अल्प प्रमाणातल्या प्रकरणात स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मोफत आहे. डिफॉल्टर लिस्ट लागते त्याच फळ्यावर हा नंबर आजच लावता येईल.